पत्रकावर स्थळे छापता, तशी मिनिटेही छापा : सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
‘एका दिवसात वेरूळ–दौलताबाद–संभाजीनगर दर्शन’ घडवणाऱ्या तमाम सहल आयोजकांस,

स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात मी तुमच्यापैकी एकाचा प्रवासी होतो. कोणाचा, ते लिहीत नाही. एक तर घरी आल्यावर चार ओळखीच्यांना विचारले, तर बाकीच्यांकडचा दिवसही थोड्याफार फरकाने असाच गेलेला. आणि दुसरे म्हणजे ज्या पोराच्या हातात आमचा गट दिला होता, त्याला या पत्रापायी कोणी बोल लावू नये. पोरगा गुणी होता. कोणाला मधुमेह, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाला खिडकीच हवी, हे सगळे तो सांभाळत होता आणि वर हसत होता. त्याच्या हातात जो कागद दिला होता, तो मात्र कोणी केला होता कोण जाणे. हे पत्र त्या कागदाबद्दल आहे.

माझी ओळख एवढीच की मी ३१ वर्षे एसटीत काढली. आधी वाहक होतो, शेवटची चौदा वर्षे वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीआड बसून ‘फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी’ असे भोंग्यातून सांगणारा माणूस. लोकांचे निम्मे आयुष्य आमच्यावर ओरडण्यात गेले आणि आमचे निम्मे ते ऐकण्यात. त्यामुळे उशिराबद्दल माझी तक्रार नाही. गाडी उशिरा सुटते, टायर बसतो, घाटात ट्रक आडवा होतो, हे मी कोणाला शिकवू? माझी तक्रार आहे ती कागदावरच पाळता न येणाऱ्या वेळापत्रकाची. आमच्याकडे असे शेड्यूल कोणी केले असते तर पहिल्याच दिवशी चालकाने ते टेबलावर आपटले असते.

तुमच्या पत्रकात त्या दिवसाखाली नऊ ठिकाणे होती. वेरूळ लेणी, कैलास, घृष्णेश्वर, दौलताबादचा किल्ला, चांद मिनार, पाणचक्की, बीबी का मकबरा, ‘स्थानिक हस्तकला खरेदी’ आणि शहर दर्शन. आता कैलास हे वेरूळच्या लेण्यांमधलेच १६ क्रमांकाचे लेणे आणि चांद मिनार दौलताबादच्या किल्ल्यातच. म्हणजे नवातली दोन नुसती मोजणीतून निघाली. हे म्हणजे सातारा–पुणे गाडीच्या पाटीवर ‘सातारा, सातारा स्टँड, पुणे, स्वारगेट’ लिहिण्यासारखे झाले. पण असू द्या. धंदा आहे, आम्ही समजू शकतो.

आता त्या दिवसाचा हिशेब देतो. सवय आहे, त्यामुळे खिशात डायरी असते आणि हातावर घड्याळ. आमच्या सौ. म्हणतात की मी निवृत्त झालो, माझे मनगट झालेले नाही.

कागदावर आठची सुटका, गाडी हलली ८.३५ ला. नाश्त्याला डोशाची रांग होती, त्यात तुमची चूक नाही. शहरातून दौलताबाद साधारण पंधरा किलोमीटर, तिथून पुढे वेरूळ तेवढेच. दौलताबादला रस्ता जुन्या तटाच्या दरवाज्यातून जातो, तिथे समोरून ट्रक आला की दोघांपैकी एकाला मागे व्हावे लागते. आमच्या चालकाने ती गाडी अशी काढली की मला त्याला सलाम करावासा वाटला. वेरूळच्या वाहनतळावर ९.४० ला. आम्ही ४२ माणसे, बहुतेक साठीच्या पुढची, आणि गाडीला दार एकच, पुढे. उतरायला सात मिनिटे, चढायला नऊ. मी प्रत्येक थांब्याला मोजले आहेत. त्या दिवशी सहा थांबे झाले. सहा सोळे शहाण्णव. म्हणजे दीड तासाहून जास्त वेळ आम्ही नुसते पायरीवर होतो, एक हात दांडीला, एक हात पुढच्याच्या पाठीला. हा दीड तास तुमच्या कागदावर कुठेच नाही. एसटीत तो धरावा लागतो, नाहीतर शेवटची फेरी रद्द होते. तुमच्या दिवसातही शेवटची फेरी रद्द झालीच. पाणचक्की आम्ही ‘डाव्या हाताला बघा’ म्हणून पाहिली, आणि मी उजव्या खिडकीत होतो.

वेरूळला स्वच्छतागृह, तिकिटे, मोजदाद, पुन्हा मोजदाद. कैलासाच्या अंगणात पाय पडला तेव्हा १०.१० झाले होते, आणि ‘अकराला बरोब्बर गाडीपाशी’ अशी ताकीद. पन्नास मिनिटे. त्यातली चौदा गाईडसाहेबांनी प्रवेशद्वारातल्या गजलक्ष्मीसमोर घेतली. अकरा मिनिटे समूह छायाचित्रात गेली, कारण पिवळ्या टोप्या सगळ्यांनी घातल्याच पाहिजेत असा नियम होता आणि दोघांच्या टोप्या गाडीत राहिल्या होत्या. परत जायला आठ. पन्नासातून तेहतीस गेले, उरली सतरा.

सतरा मिनिटे. डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेले अख्खे देऊळ, मागची कड शंभर फूट उंच, भोवती तीन बाजूंनी ओवऱ्या, देवळाचा सगळा भार पाठीवर घेऊन उभे असलेले हत्ती, दक्षिण बाजूला रामायण, उत्तर बाजूला महाभारत, वर लंकेश्वर. आणि सतरा मिनिटे. आमच्या स्टँडवर गाडी चहापाण्याला वीस मिनिटे थांबते हो.

त्या सतरा मिनिटांतली एक गोष्ट सांगतो. आमच्या गटात एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या, एकट्याच आलेल्या. सबंध प्रवासात त्यांनी एकदाच काही मागितले. मॅनेजरला म्हणाल्या, “बाळ, कैलास हलवणारा रावण कुठं आहे?” तो बिचारा गोंधळला. म्हणाला, “काकू, इथं सगळीकडेच आहे बघा.” मग आम्ही तिघांनी, म्हणजे त्या बाई, आमच्या सौ. आणि मी, शोधायचे ठरवले. दोन चुकीच्या कोपऱ्यांत जाऊन आलो. शेवटी देवळाच्या दक्षिण अंगाला, खाली सावलीत सापडला. पर्वताखाली अडकलेला, वीस हातांची गर्दी, माना वर. वर शंकर अगदी निवांत, पायाचा नुसता दाब दिलेला. पार्वती घाबरून त्याला बिलगलेली. आणि तिच्यामागे एक दासी, पाठमोरी, पळत सुटलेली. सौ. म्हणाल्या, “अहो, एवढ्यात खरं शहाणं माणूस एकच दिसतंय.” बाई इतक्या मोठ्याने हसल्या की पहारेकऱ्याने वळून पाहिले. मग त्या शांत झाल्या आणि दासीच्या पावलाकडे बोट करून काही सांगायला लागल्या. तेवढ्यात शिट्टी वाजली.

त्या काय सांगणार होत्या ते मला अजून माहीत नाही. गाडीत विचारले तर म्हणाल्या, “जाऊ द्या, तिथं उभं राहून सांगायचं होतं.”

आता गाईडसाहेबांच्या त्या चौदा मिनिटांकडे येतो. ते काय म्हणाले? म्हणाले, “हे माणसाचं काम असूच शकत नाही. एवढा दगड गेला कुठे, कोणालाच माहीत नाही.” आणि डोळे मिचकावून आकाशाकडे बोट. मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ आता लेण्यांतही पोचले म्हणायचे. मागच्या कडेवर छिन्नीचे घाव अजून दिसतात, ओळीने, एकाखाली एक, हाताच्या जोराप्रमाणे कमी-जास्त. माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसले. परग्रहावरून आलेला छिन्नी कशाला आणील?

आणि गंमत अशी की ज्या काळात हे झाले, त्या काळालाही हे नवलच वाटले होते, पण त्यांनी त्याचे श्रेय आकाशाला देऊन टाकले नाही. राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाने हे देऊळ आठव्या शतकात करवले. त्यानंतर पन्नासएक वर्षांत, इ.स. ८१२ च्या बडोद्याच्या ताम्रपटात त्याचे वर्णन आहे. त्यात म्हटले आहे की विमानातून जाणारे देव हे पाहून थक्क झाले, आणि ज्याने ते घडवले त्या कारागिराला स्वतःलाच प्रश्न पडला की हे माझ्या हातून झाले तरी कसे. परग्रहवाल्यांपेक्षा ही गोष्ट किती चांगली आहे! आपलीही एक जुनी कथा आहे. राणीने नवस केला होता की देवळाचा कळस पाहीन तेव्हाच अन्न घेईन. सगळे कारागीर हटले, कारण पाया घालून कळसापर्यंत जायला वर्षे लागणार. मग पैठणचा कोकस पुढे आला आणि म्हणाला, मी कळसापासूनच सुरुवात करतो. आता ही दंतकथा आहे, ऐतिहासिक पुरावा म्हणून कोणी घेऊ नये. पण वरून खाली कोरत यायची युक्ती एका ओळीत समजावून देणारी याहून सोपी गोष्ट मला सापडली नाही, आणि कोकस पैठणचा, म्हणजे इथलाच. चौदा मिनिटांत हे सगळे सांगून तीन मिनिटे उरली असती.

चौतीस लेण्यांपैकी आम्ही एक पाहिले. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. ही माहिती मला वाहनतळावर पाटी वाचून मिळाली, कारण गाडी वळवेपर्यंत तिथे दोन मिनिटे उभे होतो. दहावे लेणे, ज्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, तिथे छताला दगडात लाकडी वासे कोरले आहेत, ओळीने, जणू खरेच घर शाकारले आहे. ते मी एकदा, तिसेक वर्षांपूर्वी, वाहक असताना, चालकाने ‘चल अर्धा तास आहे’ म्हटले म्हणून पाहिले होते. बघा, एसटीच्या वाहकाला जेवढा वेळ मिळाला तेवढाही पैसे भरून आलेल्या प्रवाशाला मिळाला नाही. जैन लेणी कैलासापासून सव्वा-दीड किलोमीटर उत्तरेला, तिकडे जायला गाड्याही फिरतात. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, वरच्या मजल्यावर छताला कमळ आहे आणि आंब्याच्या झाडाखाली अंबिका. तुमच्या पत्रकावर त्यांचा फोटो आहे. पहिल्या पानावर, ठळक.

आता घृष्णेश्वर. इथे मी जपून बोलतो, कारण गटातले निम्मे लोक खरे तर त्यासाठीच आले होते, आणि बारावे ज्योतिर्लिंग पुढ्यात असताना लेण्यांसाठी ते सोडा म्हणणारा मी कोण? तिथली रांग तुमच्या हातात नाही. पुरुषांनी गाभाऱ्यात उघड्या अंगाने जायचे असते हे आधी सांगितले असते तर आमच्यातल्या एकांनी तीन थरांचे स्वेटर-बंडी घातले नसते, एवढेच. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले, त्याच्याही आधी मालोजीराजे भोसल्यांनी जीर्णोद्धार केलेला. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. शिवाजी महाराजांच्या आजोबांच्या गावात आपण उभे आहोत, हे एका वाक्यात सांगितले तरी बसमध्ये जयघोष झाला असता. कोणी सांगितले नाही.

जेवण उत्तम होते. वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर गरम जिलेबी. या बाबतीत तुमच्यासमोर कोणी उभे राहू शकत नाही, हे मनापासून लिहितो. फक्त एक विचारतो. ६५ वर्षांच्या माणसाला जिलेबी खायला घालून दुपारी २.२० ला, भर उन्हात, दौलताबादच्या पायथ्याशी उभे करणे, ही कोणाची कल्पना?

तो गड सुमारे दोनशे मीटर उंच, पायऱ्या साडेसातशेच्या घरात. आमच्या वाट्याला एक तास. सोळा जणांनी गाडीतून उतरायचेच नाकारले. वीसएक जण चांद मिनारापर्यंत येऊन सावलीला बसले. आम्ही सहा जण मेंढा तोफेपर्यंत पोचलो. मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके असलेली ती तोफ, त्यावर हात फिरवला, पाणी प्यायलो आणि शिट्टी. अंधेरी, म्हणजे वर जाणारी ती अंधारी भुयारी वाट, लांबून पाहिली. वरपर्यंत शून्य माणसे.

देवगिरीशी, म्हणजे याच दौलताबादशी, माझे एक वेगळे काम होते, आणि ते मी गाईडसाहेबांना आधी सांगून ठेवले होते. जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते. पैठणचा एकनाथ नावाचा पोरगा घर सोडून त्यांच्याकडे इथेच आला. हिशेबाची गोष्ट आपल्याकडे घराघरांत सांगतात. गुरूंनी त्याला हिशेब तपासायला दिला, त्यात एका पैची चूक होती, ती सापडेना. पोरगा रात्रभर दिव्याशी बसला, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. त्या टाळीने जनार्दनस्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल. लोकांना त्यातला संसार आवडतो. मला पै आवडते. मी वाहक असताना रात्री अकराला आगारात रोख भरायला बसायचो आणि दोन रुपयांचा फरक निघायचा. त्या वेळी सगळे झोपलेले असताना एकट्याने तो शोधून काढायचा आनंद काय असतो, ते मला विचारा. टाळी मीही वाजवली आहे. रोखपालाने शिवी घातली, तो भाग वेगळा.

तर मी विचारले, “जनार्दनस्वामींचं स्थान कुठे आहे?” गाईडसाहेब म्हणाले, “वर आहे. पण आपण वर जाणार नाही.” बरोबर. ‘एका जनार्दनी’ ही सही जिथली, त्या गडाखालून आम्ही तोफेबरोबर फोटो काढून परतलो.

वाईट वाटून घेऊ नका, पण या गडाच्या नशिबी नियोजनाचे घोटाळे जुनेच आहेत. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, रामदेवराव यादव गडात कोंडला गेला, आणि धान्य म्हणून वर चढवलेली पोती फोडली तर त्यांत मीठ निघाले, असे म्हणतात. पुढे १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली. हजार-अकराशे किलोमीटर, माणसांसकट. वाटेत मुक्कामाची सोय होती, रस्त्याकडेला झाडे लावली होती. तरीही शेवट कसा झाला ते चौथीतल्या पोरालाही माहीत आहे. मी सौ.ना म्हटले, इतिहासातली सगळ्यात मोठी ग्रुप टूर इथेच संपली. त्या म्हणाल्या, “निदान त्यांना मुक्काम तरी होता.”

चार वाजून पाच मिनिटांनी गाडी दुकानापाशी. हिमरू शाली, पैठण्या, बिद्रीच्या वस्तू. चहा आला, पंखे लावले, खुर्च्या मांडल्या, हातमागावर एक माणूस दाखवायला बसवलेला. पंचावन्न मिनिटे! कोणी शिट्टी वाजवली नाही. आमचा मॅनेजर पहिल्यांदाच दिवसभरात शांत बसलेला दिसला. तुमचे आणि दुकानदाराचे काय ठरते त्यात मला शिरायचे नाही. आमच्या मंडळींनी एक शाल घेतली, चांगली आहे, सध्या माझ्याच खांद्यावर आहे. फक्त डायरीत या दोन ओळी शेजारी शेजारी आल्या आहेत आणि मला त्या खोडता येत नाहीत. कैलास : १७. दुकान : ५५.

मकबऱ्याला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरस बानूची कबर, तिच्या मुलाने बांधवून घेतली म्हणतात. खाली संगमरवर, मधे गिलावा, वर घुमट पुन्हा संगमरवराचा. बघता बघता तिन्हीसांज झाली. इथे मात्र कोणी घाई केली नाही, आणि कदाचित म्हणूनच गटातल्या बहुतेकांना सगळ्यात जास्त तोच आवडला. यावर विचार करा.

आता माझे म्हणणे. पोटतिडकीने लिहितो आहे, पण मागणे मोठे नाही.

पत्रकावर जिथे ठिकाणाचे नाव छापता, तिथे त्याच्यापुढे मिनिटे छापा. शेवटचा माणूस उतरल्यापासून पहिल्या माणसाने परत फिरेपर्यंतची, निव्वळ. ‘कैलास लेणे : ५०’ असे छापायला तुम्हाला लाज वाटणार नाही, पण ‘१७’ छापताना हात अडखळेल. अडखळू द्या. जे बसमधून दाखवता तिथे ‘बसमधून’ लिहा, जे बाहेरून दाखवता तिथे ‘बाहेरून’ लिहा. काहीजण परदेशी सहलींच्या पत्रकात असे लिहिताही. मग वेरूळने काय पाप केले? आमच्या स्टँडवर फलकावर सुटायची वेळ लिहिलेली असते. गाडी उशिरा येते, लोक शिव्या घालतात, पण फलकाकडे बोट दाखवून घालतात. तुमच्याकडे बोट दाखवायला फलकच नाही.

तुम्ही म्हणाल, मिनिटे छापली तर ठिकाणे कमी करावी लागतील, आणि शेजारचा नऊ दाखवत असताना आम्ही पाच दाखवली तर गिऱ्हाईक तिकडे जाईल. खरे आहे. यात आम्ही प्रवासीही तेवढेच दोषी. पत्रक हातात आले की आम्ही ठिकाणे मोजतो, भाजीवाल्याकडे लिंबे मोजावीत तशी. घरी आल्यावर शेजाऱ्यांना सांगायचे असते ना, काय काय ‘केले’ ते. मीही मोजली होती. नऊ बघूनच पैसे भरले. पण एकदा मिनिटे छापून पाहा. आम्ही ती मोजायला लागू. मोजायची सवयच आहे आम्हाला, काय मोजायचे तेवढे दाखवा.

दुसरे, गाडीची दिशा फिरवा. यात एक पैसाही जास्त लागत नाही. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी दहाला कैलासाच्या मागची ती शंभर फुटी कड उजेड अडवते, आणि तुम्ही लोकांना नेमके तेव्हा नेता. दुपारनंतर ऊन समोरून आत येते, कोरीव काम एकेक करून उठून दिसते. हे तुमच्या मॅनेजरला माहीत नव्हते, पण वाहनतळावरच्या नारळपाणीवाल्याला माहीत होते. त्यानेच मला सांगितले, “सायेब, सांजच्याला या.” उलट दौलताबाद हा सकाळचा गड. सावली असते, गुडघे ताजे असतात, जिलेबी पोटात नसते.

म्हणून माझे शेड्यूल असे. सकाळी लवकर निघून गड उघडताच दौलताबाद. तिथे दोन गट करा. ज्यांना चढायचे आहे त्यांना तीन तास आणि एक माहीतगार माणूस द्या. बाकीच्यांना खालीच भरपूर आहे. चांद मिनार, हत्ती हौद, आणि जुन्या खांबांचे ते भारतमाता मंदिर, जिथे सावलीला तासभर बसून खांब न्याहाळले तरी कोणी उठवणार नाही. मग वेरूळ. ज्यांना घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे ते जेवणाआधी घेतील, बाकीचे जेवतील. दोनच्या सुमारास आधी जैन लेणी, मग दहावे, आणि साडेतीनपासून सूर्यास्ताला दार बंद होईपर्यंत कैलास. शिट्टी नको. मकबरा आणि पाणचक्की दुसऱ्या दिवशी सकाळी, निघता निघता, शहरातच तर आहेत. आणि दुकान ठेवा रात्री आठला. दुकानात दिवे असतात. लेण्याला सूर्यच लागतो.

मंगळवारी वेरूळ बंद आणि सोमवारी अजिंठा बंद, एवढे मात्र तुम्ही चुकवत नाही, त्याबद्दल आभार. म्हणजे लेण्यांचे वेळापत्रक बघून सहल आखता येते, हे तुम्हाला जमते.

हे शेड्यूल मी तुमच्यापैकी एकाच्या कार्यालयात पोष्टाने पाठवले होते, उतरण्या-चढण्याच्या शहाण्णव मिनिटांसकट, आमच्या जुन्या तक्त्यात आखून. उत्तर आले. छापील होते. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, पुढील सहलीवर ५ टक्के सूट.’ सूट घेईन. पुढची सहल हंपीची बघतो आहे. पत्रकावर त्या दिवशी अकरा ठिकाणे आहेत.

कळावे.

आपला,
सीट क्रमांक २७
(एक निवृत्त वाहतूक नियंत्रक)

ता. क. : सौ. म्हणतात, त्या शाळेच्या बाईंचा नंबर घेऊन ठेवायला हवा होता. आता फेब्रुवारीत एखादा बुधवार बघून आम्ही दोघे एसटीने वेरूळला जाणार आहोत. संभाजीनगरच्या स्टँडवरून गाड्या आहेत, वेळा मी काढून ठेवल्या आहेत. त्या बाई हे वाचत असतील तर त्यांनी डाव्या अंगाच्या दोन नंबरच्या हत्तीपाशी चार वाजता यावे. दासीच्या पावलाबद्दल राहिलेले ऐकायचे आहे.